बायको थाई, पेन्शन भारतातली: थायलंडमध्ये वर्षानुवर्षे राहण्याची परवानगी कशी काढावी

थाई मुलीशी लग्न झाले म्हणून थायलंडमध्ये राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. संसार कितीही जुना असो, परदेशी नवऱ्याला दर वर्षी इमिग्रेशन कार्यालयात जाऊन एकेक वर्षाची मुदतवाढ घ्यावी लागते. वयाची 50 वर्षे पूर्ण झाली असतील तर त्यासाठी दोन वाटा आहेत. एक लग्नाच्या आधारावर, दुसरी निवृत्तीच्या. बोलताना लोक त्यांना 'मॅरेज व्हिसा' आणि 'रिटायरमेंट व्हिसा' म्हणतात.

कोणती वाट धरायची?

लग्नाच्या वाटेला थाई बँकेत, फक्त तुमच्या नावावर, 4 लाख बाट अर्जाआधी दोन महिने पडून असावे लागतात, नाहीतर महिन्याला 40,000 बाट उत्पन्न दाखवावे लागते. निवृत्तीच्या वाटेला 8 लाख बाट किंवा महिन्याला 65,000 बाट. ठेव आणि वर्षाचे उत्पन्न मिळून 8 लाख भरत असतील तरी चालते. अंदाजापुरता बाट पावणेतीन रुपयांचा धरला तर 4 लाख म्हणजे 11 लाख रुपये आणि 8 लाख म्हणजे 22 लाख. 65,000 बाट म्हणजे महिना पावणेदोन लाखांहून जास्त. एवढी पेन्शन आपल्याकडे फार थोड्यांना असते, म्हणून भारतीय माणसाने ठेवीचाच विचार करावा हे बरे.

आकडे पाहून लग्नाची वाट स्वस्त वाटते, आणि पैशापुरती ती आहेच. शिवाय मुदतवाढ हातात पडली की ते 4 लाख वापरायला मोकळे होतात. पुढच्या अर्जाआधी दोन महिने परत भरले की झाले. निवृत्तीच्या वाटेत मात्र मंजुरीनंतरही तीन महिने पूर्ण 8 लाख ठेवावे लागतात आणि उरलेल्या काळात शिल्लक 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायची नसते. म्हणजे निम्मी रक्कम कायमची अडकली.

तरीही 8 लाखांची सोय होत असेल तर बायको थाई असूनही निवृत्तीच्या आधारावर अर्ज करावा, असे मला वाटते. कागद निम्मे लागतात, घरी चौकशीला कोणी येत नाही, दर वर्षी बायकोला रजा काढून रांगेत बसावे लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तुमचे राहणे दुसऱ्या कोणाच्या आयुष्यावर किंवा मर्जीवर अवलंबून राहत नाही. याला अपवाद एक. तुम्हाला तिथे काही काम करायचे असेल, तर निवृत्तीच्या मुदतवाढीवर वर्क परमिट मिळत नाही. लग्नाच्या मुदतवाढीवर मिळू शकते.

लग्नाची नोंद

लग्न थायलंडमध्येच नोंदवायचे असेल तर तुम्ही विवाहास मोकळे आहात असे बँकॉकच्या भारतीय दूतावासाचे पत्र लागते. त्याचे थाई भाषांतर बँकॉकच्या चेंग वत्थना भागातल्या थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या वाणिज्यदूत विभागातून प्रमाणित करून घ्यायचे आणि आम्फर म्हणजे तालुका कार्यालयात (बँकॉकमध्ये खेत कार्यालयात) नोंदणी करायची. लग्न भारतात झाले असेल तर विवाह प्रमाणपत्रावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग थाई वकिलातीचा शिक्का घेऊन, भाषांतरासह, आम्फरमध्ये त्याची कौटुंबिक नोंद करून घ्यावी. त्या दाखल्याला कोर-रोर 22 म्हणतात. ही नोंद केल्याशिवाय नाशिकचे किंवा पणजीचे विवाह प्रमाणपत्र इमिग्रेशनच्या टेबलावर फारसे कामाचे नाही.

90 दिवसांचे गणित

निघण्याआधी नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा, म्हणजे कुटुंबासाठी किंवा निवृत्तीसाठी येणाऱ्यांचा व्हिसा, काढावा. अर्ज ऑनलाइन होतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या माणसाचा अर्ज मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातो. पर्यटक म्हणून उतरून तिथे व्हिसा बदलता येतो, पण मुक्कामाचे किमान 15 दिवस शिल्लक लागतात आणि धावपळ फार होते. शिवाय पर्यटकाला बँक खाते उघडून मिळणे अलीकडे अवघड झाले आहे.

या व्हिसावर 90 दिवस मिळतात. ठेव मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने जुनी असायला हवी. म्हणजे उतरल्यापासून साधारण पहिल्या 30 दिवसांत खाते उघडून पूर्ण रक्कम त्यात यायला हवी. नवे लोक नेमके इथेच अडकतात. पहिला महिना घर लावण्यात आणि नातेवाईकांच्या जेवणावळीत जातो, आणि मग दिवस पुरत नाहीत. पहिल्याच आठवड्यात बायकोला घेऊन तिच्या ओळखीच्या शाखेत जा. भारतातून पैसे बँकेमार्फत, परदेशातून आल्याची स्पष्ट नोंद होईल असेच पाठवा.

पैसे पाठवताना आपल्या बाजूचाही एक नियम सांभाळावा लागतो. निवासी भारतीयाने एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम अशी बाहेर पाठवली तर वरच्या भागावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. 22 लाख पाठवायचे असतील तर मार्च आणि एप्रिल असे दोन हप्ते केले की भार बराच हलका होतो, म्हणून प्रवासाची तारीखही त्या हिशेबाने ठरवावी.

अर्जाचा दिवस

मुदत संपायच्या 30 दिवस आधीपासून अर्ज घेतात. लवकर गेल्याने दिवस वाया जात नाहीत, कारण नवे वर्ष जुन्या मुदतीला जोडूनच सुरू होते. टीएम-7 अर्ज, फोटो, पासपोर्टच्या सह्या केलेल्या प्रती, बँकेचे पत्र, त्याच दिवशी भरून घेतलेले पासबुक आणि 1,900 बाट शुल्क दोन्ही वाटांना लागते.

लग्नाच्या वाटेला याशिवाय विवाह प्रमाणपत्र, आम्फरमधून नुकतीच काढलेली विवाह नोंदीची प्रत, बायकोचे ओळखपत्र, ताबियन बान म्हणजे घराची नोंदवही, घराचा नकाशा आणि दोघांचे घरातले फोटो. एक फोटो घरक्रमांक दिसेल असा दाराबाहेरचा हवा. बायकोने सोबत यायलाच हवे. कागद घेतले की साधारण 30 दिवसांचा 'विचाराधीन' शिक्का मिळतो. त्या काळात अधिकारी घरी येऊन शेजाऱ्यांना विचारू शकतात. तोवर खात्याला हात लावू नये. प्रत्येक प्रांताच्या कार्यालयाची जादा कागदांची आवड वेगळी असते, तेव्हा आधी एक चक्कर मारून तिथली छापील यादी घेऊन यावी.

पैसे दोन महिन्यांपुरते 'दाखवून' देणारे एजंट सर्रास भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पकडले गेले तर एजंट घरी जातो आणि तुम्ही देशाबाहेर.

वर्षभर सांभाळायचे

नव्या पत्त्यावर राहायला गेलात की घरमालकाने, म्हणजे घर बायकोच्या नावावर असेल तर तिनेच, 24 तासांत टीएम-30 नोंद करायची असते. सलग 90 दिवस देशात राहिलात की टीएम-47 भरून पत्ता कळवायचा. चुकला तर 2,000 बाट दंड. गणपतीला किंवा लग्नकार्याला भारतात यायचे असेल तर आधी री-एंट्री परमिट घ्या. एकदाचे 1,000 बाट, अनेकदाचे 3,800. ते न घेता विमानात बसलात तर वर्षभराची मुदतवाढ तिथेच संपते. वर्षात 180 दिवस राहिलात तर तुम्ही तिथले करनिवासी ठरता आणि 2024 पासून परदेशातून आणलेल्या उत्पन्नावर कराचा प्रश्न येतो. भारत आणि थायलंडमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पेन्शनच्या बाबतीत तो जाणकार सीएकडून समजून घ्यावा.

बाकीचे पर्याय

निवृत्तांसाठीचा ओ-ए व्हिसा भारतातूनच वर्षभराचा मिळतो, पण त्याला आरोग्य विमा लागतो आणि ती अट पुढच्या मुदतवाढींनाही चिकटते. सत्तरीच्या पुढे तो विमा मिळणे अवघड. दहा वर्षांचा ओ-एक्स फक्त 14 देशांच्या नागरिकांना आहे, त्यात भारत नाही. एलटीआर म्हणजे दीर्घ मुदतीच्या रहिवासी व्हिसाच्या पेन्शनर गटाला वर्षाला 80,000 डॉलर उत्पन्न हवे. 40,000 च्या वर असेल तर अडीच लाख डॉलरची गुंतवणूक.

लग्नाची वाट धरणाऱ्यांनी एक विचार आधीच करून ठेवावा. घटस्फोट झाला किंवा बायको आधी गेली तर पुढचे वर्ष त्या आधारावर मिळत नाही. तेव्हा निवृत्तीच्या आधारावर यावे लागते आणि त्यासाठी 8 लाख बाट लागतात, तेही दोन महिने जुने. परदेशी माणसाला तिथे जमीन स्वतःच्या नावावर करता येत नाही, त्यामुळे घर बायकोच्या नावावर असते. त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क जमीन कार्यालयात तुमच्या नावे नोंदवता येतो. ते काम दोघे धडधाकट असतानाच उरकून घ्यावे.