फिट येणाऱ्या कुत्र्याला लस द्यायची कशी

आमच्या वडगावच्या घरी राजा आहे, त्याला फिट येतात. पहिल्यांदा आली तेव्हा कुणी म्हणतंय चप्पल हुंगवा, कुणी कांदा फोडा, तसलं काय करू नका बघा. तोंडात हात अजिबात घालायचा नाही, शुद्धीत नसतो की तो, चावतो. खुर्ची-बिर्ची बाजूला सारा नि मोबाईलमध्ये टाईम बघा, ५ मिनिटांवर गेली किंवा एका दिवसात दोन-तीनदा आली तर थेट डॉक्टर.

फेनोबार्बिटोन, म्हणजे फिटची गोळी, दर १२ तासांनी म्हणजे दर १२ तासांनीच, आम्ही सकाळ-रात्र सातला भाकरीच्या तुकड्यात दाबून देतो (हा पठ्ठ्या भाकरी खाऊन गोळी थुंकतो, म्हणून वर तूप), आणि फिट थांबली म्हणून गोळी एकदम बंद केली तर उलट जोरात येते. अधनंमधनं रक्त तपासून लिव्हर बघायचं.

आता लस. फिटच्या भीतीनं रेबीजची चुकवू नका, गल्लीतली कुत्री बघताय नव्हे? फक्त डॉक्टरला आधी सांगा, नुकतीच फिट आली असेल तर थोडं थांबायचं का विचारा, रेबीज आणि बाकीच्या लसी एकाच दिवशी न देता दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं देता येतात का तेही. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. आम्ही फिटची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहितो, लसीची निळ्या.