टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर १ देणाऱ्यांनो, सममितीला हलक्यात घेऊ नका

पहिल्या पेपरला गणित ३० मार्कांचं, आणि त्यात सममितीवर काही आलं तर तो फुकटचा मार्क असं सगळे म्हणतात. फुकटचा बिकटचा काही नाही, मी याच्यावर लई आपटलोय. सममितीचा अक्ष म्हणजे ज्या रेषेवर आकार दुमडला की दोन्ही भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात ती रेषा. असे अक्ष चौरसाला ४, समभुज त्रिकोणाला ३, वर्तुळाला अनंत हे तुम्हाला येतंच, पुढं चला.

घोळ आहे आयताच्या कर्णात. कर्णानं दोन अगदी सारखे त्रिकोण होतात म्हणून डोकं लगेच म्हणतं की हा अक्षच, पण भाग सारखे असणं वेगळं आणि दुमडल्यावर ते एकमेकांवर बसणं वेगळं. पटत नसेल तर घरातली सोलापुरी चादर काढा (आपल्या सोलापुरात कुणाकडं नाही सांगा) आणि कर्णावर दुमडून बघा, उरलेले दोन कोपरे जुळतच नाहीत, दोन्हीकडं कान बाहेर राहतात. मधोमध दुमडली, आडवी किंवा उभी, की कडेला कड बसते. म्हणून आयताला २ च.

समांतरभुज चौकोन तर अजून वंगाळ, कुठंही दुमडा, बसत नाही, ०. अर्धा फेरा फिरवला की तसाच दिसतो ही परिभ्रमण सममिती, अक्ष नव्हे, आणि पर्यायात २ मुद्दाम ठेवलेलं असतं. समभुज चौकोनाचं उलटं, तिथं दोन्ही कर्ण अक्ष.

आता त्याच चादरीवरचे मोर बघा. समोरासमोर तोंड करून असतील तर एक उभा अक्ष राहतो, सगळे एकाच दिशेला बघत असतील तर तोही गेला. म्हणून प्रश्नात नुसता आकार विचारलाय का नक्षीसकट, ते आधी वाचा. तिरंग्याचंही तसंच, रंग धरले की आडवा अक्ष जातो, पण नुसत्या २४ आऱ्यांच्या अशोकचक्राला २४ अक्ष.

'जेवढ्या बाजू तेवढे अक्ष' ही क्लासवाल्यांची ट्रिक फक्त सुसम बहुभुजाकृतीला (सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या) चालते, हे व्हिडिओत ओरडणारे सर सांगत नाहीत. माझ्या मते हातात कागद देऊन 'दुमड' म्हणणारा मास्तर असल्या दहा सरांना भारी.

घाबरू नका मात्र, दोन संध्याकाळी कागद दुमडत बसलात तर होतंय. एन, एस, झेड ही अक्षरं तेवढी वेगळी करून ठेवा, तिघांनाही अक्ष ०. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं अडलं तरी उत्तरपत्रिकेतला गोल रिकामा सोडू नका.