हराळी काढायची तर रोटाव्हेटर लावू नका

हराळी हे चिवट गवती तण. तिच्या शेतात रोटाव्हेटर, म्हणजे माती बारीक करणारं ट्रॅक्टरचं अवजार, फिरवला की ती आणखी दाट उगवते. कारण तिचं बळ काशांत, म्हणजे जमिनीखाली आडव्या पसरणाऱ्या खोडांत असतं. त्यांचे जितके तुकडे, तितके नवे कोंब. एका पेराच्या तुकड्यावरचा डोळासुद्धा पुरतो.

एप्रिल-मे महिन्यांत पलटी नांगराने 20 ते 25 सें.मी. खोल नांगरट करा. ढेकळं लगेच फोडू नका. उलथून वर आलेल्या काशा दोन-तीन आठवडे कडक उन्हात वाळू द्या, मग कुळवाने ओढून हाताने वेचा. वेचलेल्या काशा बांधावर टाकणं ही सर्रास होणारी चूक! पहिल्या पावसात त्या तिथेच रुजतात. खतातही घालू नका, पूर्ण वाळवून जाळा.

बांध, पाटाच्या कडा, ठिबकखालची सतत ओली जागा इथून ती पुन्हा शिरते. तिथे दर आठवड्याला नजर हवी. सावली मात्र तिला सोसत नाही. म्हणून पावसाळ्यात ताग दाट पेरा, उरलेसुरले कोंब त्याखाली खुरटतात. एका हंगामात ती संपत नाही, पुढच्या उन्हाळ्यातही वेचणी करावीच लागते.