घरच्या कॅसेट हार्ड डिस्कवाल्या डीव्हीडी रेकॉर्डरवर कशा उतरवायच्या

आमच्या कोथरूडच्या घरात १६० जीबीचा डीव्हीडी रेकॉर्डर २००७ च्या दिवाळीत आला. आईला दुपारच्या मालिका रात्री निवांत बघायच्या असायच्या, म्हणून घेतला होता. २०१३ च्या मार्चअखेर पुण्यात साध्या केबलची मुदत संपली, घरोघर सेट-टॉप बॉक्स आले आणि मशीनमधला चॅनल पकडणारा ट्यूनर बिनकामाचा झाला. ओळखीतल्या बहुतेकांनी तेव्हाच आपले रेकॉर्डर भंगारात घातले. मी ठेवला, आणि आजही सांगते, घरच्या व्हीएचएस कॅसेट जपायच्या असतील तर या मशीनला सोडू नका.

कारण सांगते. जुनी कॅसेट चालताना चित्र वरच्या बाजूला वाकतं, थरथरतं. रेकॉर्डर ते चित्र आत घेताना बऱ्यापैकी सावरून घेतो. कॉम्प्युटरला लावायच्या स्वस्त यूएसबी कॅप्चर पट्टीवर मी तीच कॅसेट घालून बघितली. तासाभरात चित्र आवाजाच्या मागे पडलं, मंगलाष्टकं संपल्यावर अक्षता पडायला लागल्या. रेकॉर्डरवर हे कधी झालं नाही.

सुरुवात कॅसेटपासून करा. खिडकीतून रीळ उजेडात धरून बघा. पावसाळे काढलेल्या कॅसेटवर कडेने पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती बाजूला ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्या. कॅसेट चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटलेली टेप सैल होते. हेड पुसायला कापसाची काडी नको, तिचे तंतू अडकतात. साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला, हलकेच टेकवायची, कागद तसाच धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवायचा. कागदावर तपकिरी रेघ उमटली की समजा काम झालं. कागद वर-खाली घासलात तर हेड गेलंच. आणि जरा जपून वापरा, नवे व्हीसीआर आता निघत नाहीत. फुनाई ही जपानी कंपनी सगळ्यात शेवटपर्यंत ते बनवत होती, तिनेही जुलै २०१६ मध्ये थांबवलं.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या आउटमधून पिवळी, पांढरी, लाल पिन रेकॉर्डरच्या इनमध्ये. व्हीसीआर मोनो असेल तर आवाजाची एकच पिन असते, मग पांढरीच लावा.

आता मोड, म्हणजे रेकॉर्डिंगचा दर्जा. एक्सपी, एसपी, एलपी, ईपी अशी नावं दिसतील. ४.७ जीबीच्या एका डिस्कवर एक्सपीमध्ये १ तास बसतो, एसपीमध्ये २, एलपीमध्ये ४. जागा वाचवायला एलपी घेऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये एलपीला चित्राची आडवी बारकाई निम्म्यावर येते, गर्दीतले चेहरे ओळखू येत नाहीत, आणि घरच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये चेहरेच तर बघायचे असतात. माझं मत एसपी. १६० जीबीवर एसपीमध्ये ७० तासांच्या घरात मावतं. काही मशीनमध्ये 'हाय स्पीड कॉपीसाठी रेकॉर्ड' असं एक सेटिंग असतं, ते रेकॉर्डिंगच्या आधीच चालू करा. नाहीतर पुढे डिस्कवर घेताना तेवढेच तास पुन्हा बसावं लागतं.

रेकॉर्डिंग लावलं की कॅसेट शेवटपर्यंत जाऊ द्या. 'संपलं' असं वाटून थांबवू नका. मामाच्या लग्नाची १९९२ ची कॅसेट होती, ई-१८०, म्हणजे ३ तासांची. वरात संपली, पडदा निळा झाला. मी उठणार तोच चित्र परत आलं: आजी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसलेली, आणि कॅमेऱ्याकडे न बघता कुणाला तरी विचारतेय, "जेवलास का रे?" अकरा मिनिटं. कुणी आणि का काढली, घरात कुणालाच आठवत नव्हतं.

हार्ड डिस्कचा खरा उपयोग इथे होतो. ३ तासांची कॅसेट एसपीमध्ये एका डिस्कवर मावत नाही. आधी सगळी हार्ड डिस्कवर घ्यायची, मग एडिटमध्ये जाऊन योग्य जागी भाग पाडायचे, मधले निळे पडदे काढून टाकायचे आणि दोन डिस्क करायच्या. तुकडा हाय स्पीडने घेतला की जसाच्या तसा उतरतो, दर्जा तसूभर कमी होत नाही. सव्वादोन तासांचं काही एकाच डिस्कवर हवं असेल तर फ्लेक्झिबल रेकॉर्डिंग आहे, पण त्यात चित्र नव्याने दाबलं जातं, दर्जा उतरतो. मी त्यापेक्षा दुसरी डिस्क घेते. शेवटी फायनलाइज करायला विसरू नका, त्याशिवाय ती डीव्हीडी-आर दुसऱ्या प्लेअरवर सहसा लागत नाही. नाव लिहायला डिस्कसाठीचा मार्कर वापरा, बॉलपेन नको, कागदी लेबल तर नकोच.

मामाच्या लग्नाच्या दोन डिस्क मी केल्या. आजीची अकरा मिनिटं वेगळी काढून 'नंतर' म्हणून हार्ड डिस्कवर ठेवली. कॅसेट उतरवून झाली म्हणून घरच्यांनी रद्दीत दिली. चार महिन्यांनी मशीन सुरू होईना. दुरुस्तीवाल्याने पॉवर सप्लायमधले फुगलेले कंडेन्सर बदलले, ते बरोबर केलं, पण मशीनने स्क्रीनवर फॉरमॅट विचारलं आणि त्याने मला न विचारता हो म्हटलं. आजी गेली ती तिथे.

म्हणून हे नीट ऐका. या हार्ड डिस्कवरची मांडणी कंपनीची स्वतःची असते. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर विंडोज ती ओळखत नाही आणि फॉरमॅट करू का विचारते. नाही म्हणा, आणि डिस्क काढून ठेवा. मशीन दुरुस्तीला देताना चिठ्ठी चिकटवा: 'फॉरमॅट करू नये'. एका कॅसेटचं सगळं, शेवटच्या दोन मिनिटांसकट, डीव्हीडीवर उतरेपर्यंत दुसरी कॅसेट सुरू करू नका. आणि कॅसेट टाकू नका. कधीच.

डिस्क झाली की त्याच रात्री कॉम्प्युटरवर घ्या. आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर असतो, त्यात १-१ जीबीपर्यंतचे तुकडे. ते सुटे कॉपी करत बसण्यापेक्षा मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने एक सलग फाइल करा, दर्जा तोच राहतो. बघताना हलत्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतील. चित्र खराब झालेलं नाही, व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस हे सेटिंग चालू करा, जातात. फाइलची एक प्रत घरी, एक भावाकडे.

सेकंडहँड मशीन घेणार असाल तर रिमोटशिवाय घेऊ नका, एडिटचं सगळं काम रिमोटवर आहे. विकणाऱ्यासमोरच पाच मिनिटं रेकॉर्ड करा, डिस्कवर घ्या, फायनलाइज करा आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून बघा. आमच्याकडे डीव्हीडीची लेन्सच आधी थकली होती. लेन्स गेली आणि हार्ड डिस्क चालू असली तर रेकॉर्डरच्या आउटला कॅप्चर पट्टी लावून, प्ले करून, जे मिळेल ते वाचवा.

साताऱ्याहून मावशीने चौदा कॅसेट पाठवल्यात. तीनांवर बुरशी आहे, त्या वेगळ्या पिशवीत बांधून ठेवल्या. बाकीच्या थंडीत, हवा कोरडी झाली की घेणार. प्रत्येक कॅसेट निळ्या पडद्याच्याही पुढे, टेप संपून खट्ट आवाज येईपर्यंत चालवणार आहे.