ओलांडण्याआधी थोडे मागे राहा

नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीकडे जाताना कांद्याने भरलेल्या ट्रॉलीला गाडी चिकटवून चालवली, तर समोरचा रस्ता दिसतच नाही आणि ओलांडण्यासाठी निम्मी गाडी बाहेर काढून डोकवावे लागते. त्याऐवजी आधी मागे सरावे.

१. ट्रॉलीने रस्त्याकडेचा एखादा विजेचा खांब ओलांडल्यावर किमान ३ सेकंदांनी आपली गाडी त्या खांबापाशी पोहोचेल, इतके अंतर ठेवा. एवढ्या अंतरावरून समोरची वाहने आणि वळणे आपल्या लेनमध्ये राहूनच बरीच आधी दिसतात.

२. रस्ता मोकळा असेल, तर आरसे पाहा, उजवा इंडिकेटर द्या, हॉर्न वाजवा आणि गिअर आताच एक खाली घ्या. ट्रॉलीच्या शेजारी पोहोचल्यावर गिअरशी झटापट करण्याची वेळ येऊ नये.

३. पूर्ण ट्रॅक्टर आतल्या आरशात दिसू लागल्यावरच डावीकडे या.

मध्येच शंका आली आणि शेजारून पुढे जाण्याइतका रस्ता उरलेला नसेल, तर वेग वाढवण्याऐवजी तो कमी करून पुन्हा मागे यावे. तिथे मागे जागा राखलेली असणे फार मोलाचे ठरते.

एक खबरदारी मात्र हवीच: ट्रॅक्टर हळू होऊन रस्त्याच्या मध्याकडे सरकू लागला, तर तो वाट देत नसून शेताच्या रस्त्याला वळत असण्याची शक्यता अधिक असते आणि अनेक ट्रॉल्यांना मागचे दिवेही नसतात, म्हणून अशा वेळी ओलांडूच नये.