पातळ, चपट्या केसांना फुगीरपणा कसा द्यावा

पातळ केस तेलाने लवकर चिकटून टाळूवर चपटे बसतात. म्हणून कंडिशनर केवळ टोकांना लावून नीट धुवावे. केस टॉवेलने हलकेच टिपून, ते ओलसर असतानाच, लिंबाएवढा फेसाळ हेअर मूस मुळांशी बोटांनी पसरवावा, कारण त्यातील पॉलिमरचा (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचा) पातळ थर वाळताना केसांवर बसतो आणि त्यांना आधार देतो. मग मान खाली घालून, मुळे बोटांनी उचलत, ड्रायरची मध्यम ऊब द्यावी आणि शेवटी थंड झोत सोडावा. या टप्प्यात घाई मुळीच करू नये: केसांतील हायड्रोजन बंध (केसांचा आकार तात्पुरता धरून ठेवणारे कमकुवत दुवे) ओलाव्याने सुटतात व वाळताना नव्या आकारात जुळतात. कोकणातल्या दमट हवेत फुगीरपणा लवकर ओसरतो, तोही याच कारणाने. तेथे जड सीरम टाळून शेवटी थोडा हेअरस्प्रे मारावा.