गुरुत्वीय लहरींवरून हबल स्थिरांक काढताय? या चुका टाळा

हबल स्थिरांक म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर; गुरुत्वीय लहरी म्हणजे अवजड ताऱ्यांच्या टकरीतून उठणारी अवकाशाची कंपनं. हिशोब दिसायला एका ओळीचा. दीर्घिका दूर जाण्याचा वेग भागिले अंतर. अंतर लहरींच्या तीव्रतेतून थेट मिळतं, वेग ताम्रसृतीतून, म्हणजे प्रकाश लालकडे किती सरकला त्यावरून. म्हणून नवशिके तक्त्यातले दोन आकडे उचलतात, भागाकार करतात आणि तिथेच फसतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगाची. १७ ऑगस्ट २०१७ ला नोंदलेली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर घ्या. दीर्घिका एनजीसी ४९९३, अंतर ४३.८ मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं). तिच्या समूहाचा वेग, वैश्विक पार्श्वप्रारणाच्या (महास्फोटातून उरलेल्या, सगळीकडे पसरलेल्या प्रारणाच्या) सापेक्ष, सेकंदाला ३३२७ किमी. भागलं की ७६ येतात (एकक: दर मेगापार्सेकला सेकंदाला किमी). पण त्यातले सुमारे ३१० किमी प्रसरणाचे नाहीतच. आसपासच्या वस्तुमानाच्या ओढीने आलेली ती स्थानिक गती आहे. ती वजा केली की उरतात ३०१७, आणि उत्तर ६९ वर येतं. त्या ३१० मध्येही १५० ची अनिश्चितता आहे, म्हणजे उत्तरात पाच टक्के. हबल स्थिरांक ६७ की ७३ हाच सगळा वाद असताना हे पाच टक्के सोडून देणं अक्षम्य आहे. एकट्या दीर्घिकेचा वेग कधीच घेऊ नका, समूहाची सरासरी घ्या. चारशे मेगापार्सेकवर हीच १५० ची चूक अर्ध्या टक्क्यावर येते.

दुसरी चूक कलाची, म्हणजे कक्षेच्या तिरकेपणाची. जोडीची कक्षा आपल्याला समोरून दिसते की तिरकी, यावर लहरींची तीव्रता ठरते. लहरींची दोन ध्रुवीकरणं, म्हणजे कंपनाचे दोन प्रकार असतात. समोरून त्यांची तीव्रता १ आणि १. तीस अंशांवर ०.८७५ आणि ०.८६६. दोघांचं गुणोत्तर जवळजवळ तेच राहतं, म्हणून जवळची तिरकी जोडी आणि लांबची समोरची जोडी सारखीच दिसते. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या भुजा बऱ्याच अंशी एकाच दिशेने बसवल्यामुळे तिथे मुख्यतः एकच ध्रुवीकरण हाती लागतं. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होणारी, वेगळ्या दिशेची लायगो-इंडिया वेधशाळा इथे खरी उपयोगाची. तोवर अंतराचा एकच आकडा आणि समान ± वापरू नका. वरच्या ४३.८ ची अनिश्चितता +२.९ आणि −६.९ अशी लंगडी आहे, म्हणून तर उत्तरही ७० +१२ −८ असं आलं. अंतर आणि कल यांच्या संभाव्य मूल्यांचे सगळे नमुने उतरवून घ्या आणि आधी अंतर-कल आलेख काढा. मी तो पाहिल्याशिवाय पुढचं काही वाचत नाही. टकरीतून निघालेल्या झोताच्या, रेडिओ दुर्बिणींनी मोजलेल्या हालचालीवरून कल बांधला की अनिश्चितता पाचाच्या आसपास येते, पण मग झोताचं प्रारूपही तुमच्या उत्तरात शिरतं. तसं लिहा.

लहरींतून मिळणारं वस्तुमान (१+ताम्रसृती) पटीने फुगलेलं असतं; भागायला विसरू नका.

२०१७ च्या त्या टकरीचा कच्चा डेटा वापरत असाल तर टकरीच्या सुमारे १.१ सेकंद आधी लिव्हिंग्स्टनमध्ये आलेला गोंगाटाचा झटका आधी काढा.

उपकरणाच्या तीव्रता-मापनाच्या कॅलिब्रेशनमधली टक्काभर चूक अंतरात तेवढीच उतरते.

प्रकाश न दिसलेल्या कृष्णविवरांच्या टकरींसाठी ती कोणत्या दीर्घिकेत झाली असेल हे दीर्घिकांच्या यादीवरून ठरवतात; पण ती यादी दूरवर अपुरी असते. न नोंदलेल्या दीर्घिकांचा हिस्सा धरलाच पाहिजे.

आणि २१ मे २०१९ च्या दोन कृष्णविवरांच्या टकरीनंतर महिनाभराने एका सक्रिय दीर्घिकेत (जिच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर वायू गिळत असतं) दिसलेला झगमगाट तिचाच, असं गृहीत धरून ०.४३८ ही ताम्रसृती वापरू नका. तो संबंध सिद्ध झालेला नाही.